थांबाबाई

नदीवरच्या लांब पुलाच्या अलीकडच्या टोकाला कस्टमची चौकी आहे आणि त्या चौकीत एक बाई आहेत. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात असेल, पुलावरून जाणारा-येणारा एकही माणूस ते वापरत नाही. ट्रकवाले, सायकलवाले, पलीकडच्या शाळेत शिकवायला जाणाऱ्या मास्तरीणबाई, सगळे त्यांना थांबाबाई म्हणतात. हे नाव कौतुकानं पडलं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, ते चांगलं वैतागून पडलं आहे. सकाळच्या घाईत पुढच्या गाड्या भराभर सुटाव्यात आणि नेमका आपल्याच गाडीपुढे तो हात आडवा यावा. मग तो शब्द. “थांबा.” त्याच्या आगेमागे ‘जरा’ नाही की ‘कृपया’ नाही.

बाई अंगापिंडानं एवढ्याशा. आवाज मात्र पुलाच्या मध्यापर्यंत जातो. नाकावर चष्मा, आणि त्याच नाकावर राग, दोन्ही कायमचे.

चौकीसमोर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच पिवळे खांब आहेत, आणि पायी जाणाऱ्यांसाठी तसलेच दोन बुटके. त्यांच्यामधून जाताना गाडीत किंवा माणसाजवळ काही किरणोत्सारी वस्तू असली तर खांब शिट्टी घालतात. या शिट्टीला नाक आहे, अक्कल नाही. फरशांचा ट्रक आला की ती वाजते, कारण मातीतच थोडंफार काहीबाही असतं. केळ्यांनी भरलेली गाडी आली तरी कधीकधी वाजते. एकदा एक म्हातारे गृहस्थ पायी निघाले आणि खांबांनी आकाशपाताळ एक केलं. आदल्याच दिवशी इस्पितळात हृदयाची तपासणी झाली होती आणि त्यासाठी टोचलेलं औषध अंगात होतं. “लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ह्यांची कुणीतरी दखल घेतली,” त्यांच्या बायकोनं सांगितलं, आणि रांगेतले सगळे पोट धरून हसले. शिट्टी वाजली की मागे फिरायचं आणि पुन्हा खांबांमधून जायचं, तीनदा. तिन्ही वेळा वाजली तरच तपासणी, असा चौकीचा रिवाज.

हा रिवाज शहाणपणाचा होता. दुसरा मात्र नव्हता, आणि बाईंचं डोकं फिरायचं ते त्या दुसऱ्यामुळे.

तीनदा शिट्टी वाजलेला माल खरंच संशयाचा निघाला तर त्याचं काय करायचं? चौकीच्या साहेबांच्या टेबलावर एक लाकडी शिक्का होता. त्यावर एकच शब्द, ‘परत’. तो कागदावर उमटला की ट्रक वळायचा आणि आला त्या वाटेनं पुलावरून जायचा. आपल्या हद्दीत घाण शिरली नाही, आपले हात स्वच्छ. पलीकडच्या चौकीतही तसलाच शिक्का होता. त्यामुळे वाईट माल पुलावर येरझाऱ्या घालायचा, आणि दोन्हीकडे दाद लागली नाही तर कुठल्यातरी तिसऱ्या रस्त्यानं, जिथे खांब नाहीत तिथून, गुपचूप आत यायचा. तो कुणाचा, कुठून आला, कुणासाठी निघाला, हे कुणी विचारत नव्हतं. दोन्ही चौक्यांनी इतकी वर्षं काय केलं असेल, तर घाण शेजाऱ्याच्या दारात लोटून दार लावून घेतलं. मला हे सांगतानाही संताप येतो, मग बाईंना का येऊ नये?

बाईंना येण्याचं कारण तर घरातच बसलेलं होतं. त्यांचा थोरला भाऊ, दादा.

दादा भंगाराच्या वखारीत माल निवडायचा. तांबं एकीकडे, पितळ एकीकडे, लोखंड एकीकडे. हातात धरताच धातू ओळखायचा असा त्याचा लौकिक. एक दिवस ढिगाऱ्यात बोटाएवढी गुळगुळीत, चकचकीत दांडी मिळाली. ओळखू येईना, म्हणून नीट बघायला हातात फिरवत बसला. जेवणाच्या सुट्टीभर फिरवली. मग हाताला फोड आले, आणि पुढे इस्पितळ. उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी वाचली. मधली बोटं गेली. चौकशीत एवढंच कळलं की तो माल आधी याच पुलावरून परत पाठवला होता. आणणाऱ्याला शिक्षा करायला त्या काळी ना इकडे कायदा होता ना तिकडे. तो पलीकडे गेला आणि विषय संपला.

हात गेला ते एकवेळ दादानं सोसलं. पण लोकांनी जे केलं ते त्याला सोसवलं नाही. ती दांडी बंद डबीसारखी होती, आतलं काही सांडलं नव्हतं, त्याच्या अंगात काही राहिलं नव्हतं. डॉक्टरांनी हे पुन्हा पुन्हा सांगितलं. ऐकतो कोण! न्हाव्यानं त्याच्यासाठी टॉवेल वेगळा ठेवला. शेजारीण जिन्यात त्याला बघून मुलांना आत ओढायची. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हळूहळू दादालाही ते पटलं. तो आपला चहाचा कप वेगळा ठेवू लागला. उजवा हात खिशात गेला तो गेलाच. पलीकडच्या शहरात त्याचे जुने मित्र होते, पण पुलावर तो कधी गेला नाही. “त्या खांबांनी शिट्टी घातली तर?” तो एकदाच म्हणाला. “सगळ्यांसमोर?”

“नाही घालणार, दादा. मी रोज तिथेच असते. मला माहितीय.”

“तुला माहितीय गं. खांबांना माहितीय का?”

बाई आधी शाळेत शिकवायच्या. दादाचा हात गेल्यावर त्यांनी कस्टमची परीक्षा दिली आणि मुद्दाम हीच चौकी मागून घेतली.

मधल्या काळात जगातल्या बऱ्याच देशांनी एकत्र बसून करार केला, आणि त्यात नदीच्या दोन्ही काठांच्या सरकारांनीही सही केली. आपापल्या देशात तसे कायदेही केले. असला पदार्थ परवानगीशिवाय जवळ बाळगायचा नाही, विकायचा नाही, सरहद्दीपार न्यायचा नाही. त्यानं माणसाचा जीव जाऊ शकत असेल किंवा गंभीर इजा होऊ शकत असेल, तर तो बाळगणं हाच गुन्हा, कुणाला इजा होईपर्यंत वाट बघायची गरज नाही. आणि बाईंना सर्वांत आवडलेलं कलम असं, की गुन्हेगार ज्या देशाच्या हद्दीत सापडेल त्या देशानं एकतर स्वतः खटला चालवायचा, नाहीतर मागणाऱ्याच्या हवाली करायचा. पलीकडे पळून गेलो की सुटलो, हे बंद.

चौकीत या कायद्याची प्रत फ्रेम करून लावली गेली. पाहुण्यांसाठी जपून ठेवलेल्या कपबश्यांसारखी ती भिंतीवर होती, काढली मात्र कधीच नाही. शिक्का आपला चालूच.

“साहेब, हा कायदा आपण वापरायचा कधी?” बाईंनी एकदा विचारलं.

“वेळ येईल तेव्हा,” साहेब म्हणाले, आणि वेळ येऊ नये अशा बेतानं चहा पिऊ लागले.

वेळ आली एका स्वच्छ, थंड सकाळी. पलीकडून जुन्या रेडिएटरांनी भरलेला ट्रक आला, मागून मालकाची गाडी. मालक पलीकडचा मोठा भंगार व्यापारी. चामड्याचे हातमोजे, गोड हसू, चौकीतल्या प्रत्येकाच्या मुलांची चौकशी करणारा. ट्रक खांबांमधून गेला आणि शिट्टी वाजली. मागे घेतला, पुन्हा वाजली. तिसऱ्यांदाही वाजली.

बाई किरणोत्सार मोजायचं हातातलं यंत्र घेऊन ट्रकभोवती फिरल्या. फरशांचा ट्रक असला की काटा सगळीकडे सारखाच हलतो. इथे तो मालाजवळ गप्प होता आणि ड्रायव्हरच्या पाठीमागे उसळत होता.

“खाली उतरा,” त्या ड्रायव्हरला म्हणाल्या.

“बाई, आज तरी थांबा म्हणू नका, उशीर झालाय.”

“थांबा म्हणत नाहीये, उतरा म्हणतेय. लांब जाऊन उभे राहा. ती सीटमागची पेटी कुणाची?”

“मालकांची. कपड्यांची आहे म्हणाले.” ड्रायव्हरनं बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याचं हसू मावळलं. “कपड्यांच्या मानानं लई जड होती, बाई. उचलताना कंबर गेली.”

पेटीत शिशाचं जाड भांडं होतं हे पुढे तज्ज्ञांनी उघडल्यावर कळलं, आणि त्या भांड्यात काय होतं तेही. एका बंद पडलेल्या प्रयोगशाळेच्या गोदामातून ते चोरलं होतं. नदीच्या अलीकडे कुणाला तरी ते हवं होतं. त्या माणसाला लोकांच्या मनात दहशत बसवायची होती आणि व्यापाऱ्याला माल खपवायचा होता. पण त्या सकाळी बाईंपुढे एवढंच होतं, एक पेटी आणि उसळणारा काटा. त्यांनी रस्ता बंद करायला लावला, ड्रायव्हरला इस्पितळात धाडलं आणि तज्ज्ञांना फोन केला. मग साहेबांच्या खोलीत आल्या. व्यापारी आधीच तिथे बसला होता.

“काहीतरी घोटाळा झालाय,” तो म्हणत होता. “कुणाची तरी पेटी माझ्या ट्रकमध्ये आली. तुम्हाला कशाला मनस्ताप? मारा शिक्का. मी परत घेऊन जातो.”

साहेबांचा जीव भांड्यात पडल्यासारखा दिसला. “बाई, कागद आणा.”

“नाही, साहेब.”

“नाही म्हणजे?”

“हे परत जाणार नाही. आणि हेही जाणार नाहीत.” त्यांनी व्यापाऱ्याकडे बोट केलं. “भिंतीवर लावलंय ना आपण? ते वापरायचं.”

साहेब उठून बाईंना दाराशी घेऊन आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “मला कळत नाही असं समजू नका. मला सगळं कळतंय, म्हणूनच परत म्हणतोय. पेटीत काही निघालं नाही तर हा माणूस दोघांना घरी बसवेल. निघालं तर जन्मभर कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या. परत पाठवलं की आपण मोकळे.”

“आपण मोकळे. आणि ते ज्याच्या हातात पडेल तो?”

साहेब दादाला ओळखत होते.

“पाठवायचंच असेल तर शिक्का तुमच्या हातानं मारा,” बाई म्हणाल्या. “मी मारणार नाही.”

साहेब टेबलाशी गेले. शिक्का उचलला, शाईवर दाबला, आणि तसाच हवेत धरून राहिले. शाईचा थेंब टेबलावर पडला. दारातले दोघे शिपाई साहेबांच्या तोंडाकडे बघत होते, कुणाला अडवायचं, कुणाला सोडायचं. व्यापारी पक्का मुरलेला. तो शांतपणे उठला, हातमोजे घातले, “तुमचं ठरू दे,” म्हणाला आणि बाहेर पडला. गाडीकडे गेला नाही. सरळ पुलावरून चालू लागला, आपल्या देशाकडे.

बाई धावत बाहेर आल्या. पुलाच्या मधोमध पांढरी रेघ आहे. त्या अर्ध्या वाटेत असतानाच व्यापाऱ्यानं ती ओलांडली, वळून पाहिलं आणि अदबीनं हात हलवला. रेघेपलीकडे बाईंचा अधिकार नव्हता. दादाच्या वेळी जे घडलं ते अगदी तसंच, त्यांच्या डोळ्यांदेखत पुन्हा घडत होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्या वळल्या आणि आल्या त्याहून वेगानं चौकीत परत धावल्या.

पलीकडच्या चौकीला थेट फोन होता. धुकं पडलं, नदी चढली, एवढंच कळवायला तो वापरायचे. पलीकडे एक उंच गृहस्थ होते, ऊन असो पाऊस असो, बगलेत छत्री असायचीच, म्हणून इकडचे त्यांना छत्रीवाले म्हणत. बाई त्यांना रोज लांबून हात दाखवायच्या, तेही दाखवायचे. ओळख काय ती तेवढीच.

“तुमच्याकडे एक माणूस चालत येतोय,” बाई धापा टाकत म्हणाल्या. त्यांनी काय सापडलं आणि कुणाकडे ते सांगितलं.

“आमच्याच इथला आहे तो,” छत्रीवाले सावकाश म्हणाले. “मी ओळखतो त्याला.”

“हो. तुमचाच आहे.”

बाईंनी खिडकीतून पाहिलं, व्यापारी पुलाच्या पलीकडच्या टोकाला पोचत आला होता.

“मग तर आम्हीच अडवायला हवा,” छत्रीवाले म्हणाले.

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. बाई फोन कानाला गच्च धरून उभ्या राहिल्या. साहेब शिक्का हातात घेऊन त्यांच्याजवळ येऊन उभे राहिले होते. फोनमधून पावलं ऐकू आली, दार उघडल्याचा आवाज आला, मग व्यापाऱ्याचं ते गोड बोलणं, “काय, ओळखलं नाही का मला? मुलगी कशी आहे?” आणि मग छत्रीवाल्यांचा आवाज, शांत, स्पष्ट.

“थांबा.”

साहेबांनी शिक्का खणात टाकला आणि खण लावून घेतला. तो पुन्हा बाहेर आला नाही. “बाई,” ते म्हणाले, “कागद मी लिहितो. काय काय लिहायचं ते सांगा.” उशिरा का होईना, माणूस ताठ उभा राहिला याचं मला बरं वाटतं.

खटला पलीकडेच उभा राहिला. तिथल्या सरकारनं ठरवलं, आमच्या माणसाचा न्याय आम्हीच करू. व्यापाऱ्याचा वकील मोठा हुशार होता. त्याचं म्हणणं असं की भांडं बंद होतं, इजा कुणालाच झालेली नाही. ‘गंभीर इजा होऊ शकते’ ही निव्वळ पुस्तकातली भीती. सरकारी वकीलबाईंकडे तज्ज्ञांचे अहवाल होते. पण त्यांनी थांबाबाईंना फोनवर विचारलं, असल्या वस्तूनं खरंच इजा झालेलं कुणी साक्षीला येईल का?

बाईंनी घरी येऊन नुसतं सांगितलं, विचारलं नाही. दादा खिडकीशी बसून होता.

“हा तोच आहे का गं? माझ्या वेळचा?”

“नाही, दादा. तो कधीच सापडायचा नाही. आणि सापडला तरी कायदा मागचं उकरत नाही.”

दादा बराच वेळ खिशातला हात चाळवत राहिला. “म्हणजे मला यातून काहीच मिळायचं नाही.”

“नाही.”

“आणि पुलावरून जावं लागेल.”

“हो. खांबांमधून.”

“बरं,” दादा म्हणाला. “माझा तो राखाडी कोट इस्त्रीला दे.”

साक्षीच्या दिवशी चौकीसमोर नेहमीसारखीच गर्दी होती. न्हावी होता, शेजारीण होती, ट्रकवाले होते, आणि तो रेडिएटरांच्या ट्रकचा ड्रायव्हर, ठणठणीत. बातमी सगळ्यांना लागली होती. दादा बुटक्या खांबांपाशी येऊन थबकला. कपाळाला घाम. शेजारीण दोन पावलं मागे सरकली, ते त्यानं पाहिलं आणि बाईंनीही पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा थांबाबाईंच्या तोंडून वेगळाच शब्द निघाला.

“चल,” त्या म्हणाल्या.

दादानं डोळे मिटले आणि पाऊल टाकलं.

खांब गप्प राहिले.

दादा खांबांपलीकडे पोचला तरी डोळे उघडेना. “झालं?”

“झालं.”

“बिघडलेत का गं हे?”

“अजिबात नाही. सकाळीच फरशांच्या ट्रकवर कोकलत होते.”

दादा वळला, उलटा खांबांमधून आला, परत गेला. खांब गप्प. मग चौकीच्या रिवाजाप्रमाणे तिसऱ्यांदा गेला, आणि यावेळी मधोमध उभा राहून त्यानं खिशातून उजवा हात काढला आणि थेट खांबाला टेकवला. “वाज ना!” तो खांबाला म्हणाला. “वाज की आता!” तो हसत होता आणि रडतही होता. ड्रायव्हरनं टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. शेजारीणबाई जमिनीत तोंड खुपसायला जागा शोधत होत्या, त्यांना ती मिळू नये अशीच माझी इच्छा आहे.

कोर्टात दादा फार बोलला नाही. वकिलानं विचारलं, “ती वस्तू धोक्याची आहे हे तुम्हाला दिसत होतं का?”

“दिसत असतं तर हातात घेतली असती का? चकचकीत होती, छान होती,” दादा म्हणाला, आणि हात वर केला. नीट, सगळ्यांना दिसेल असा, न्यायाधीशांपासून मागच्या बाकापर्यंत. वकिलानं पुढचा प्रश्न विचारला नाही. मधल्या सुट्टीत दादा कँटीनमध्ये सगळ्यांच्या कपांतला एक कप उचलून चहा प्याला आणि कपाकडे बघत बसला.

निकालाच्या दिवशी दोघं भाऊ-बहीण पुन्हा गेली. न्यायाधीशांनी शांतपणे वाचलं: बाळगणं हा गुन्हा, सरहद्दीपार नेणं हा गुन्हा, आणि सापडलेल्याला सोडून न देणं हे दोन्ही काठांचं कर्तव्य. व्यापाऱ्याला लांबलचक तुरुंगवास झाला. हातमोजे त्यानं मांडीवर ठेवले होते, आणि ते घ्यायला तो विसरला. त्या पुलावर हा कायदा पहिल्यांदा चालला होता आणि तो चालवला होता एवढ्याशा एका बाईनं. बाईंनी दादाचा दंड इतका घट्ट धरला होता की त्याला वळ उठले.

परतताना पलीकडच्या चौकीशी छत्रीवाले उभे होते. दादा पुढे होता. त्यांनी हात आडवा केला.

“थांबा.”

दादा दचकून थांबला. छत्रीवाल्यांनी छत्री डाव्या बगलेत घेतली आणि उजवा हात पुढे केला. दादानं सवयीनं डावा काढला. छत्रीवाल्यांचा हात तसाच राहिला, उजवाच, वाट बघत. दादानं बहिणीकडे पाहिलं. मग हळूच खिशातला हात काढला आणि त्यांच्या हातात दिला. छत्रीवाल्यांनी तो दोन्ही हातांत घेतला आणि सोडेनात.

मागे गाड्यांची रांग लागली. कुणीतरी हॉर्न वाजवला. बाईंनी वळूनसुद्धा पाहिलं नाही, फक्त हात वर केला.

“थांबा,” त्या म्हणाल्या.